कराची ते जुहू : एका सकाळचे अंतर

सकाळी आपले छोटेखानी विमान काढावे, शे-दीडशे मैलांवरच्या एखाद्या शहराच्या विमानतळावर उतरावे, तेथे दुपारचे जेवण घ्यावे आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावे, अशी एक हौस पहिल्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. ही श्रीमंतांची चैन होती, यात शंका नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने चैनीकडेही तुच्छतेने पाहू नये. कारण तिच्यातूनच पुढे पुष्कळदा लोकोपयोगी कामे उभी राहतात. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथच्या टापूला तर या हौसेच्या इतिहासाशी जोडणारा एक धागा आहे. तोच आज उलगडून पाहावयाचा आहे.

१९२५ साली इंग्लंडात जेफ्री डी हॅविलंड यांनी ‘मॉथ’ नावाचे विमान तयार केले. दोन माणसे बसतील एवढेच ते लहान होते आणि त्याचे पंख दुमडून ते एखाद्या शेडमध्ये ठेवता येत असे. या विमानाने उड्डाण ही गोष्ट लष्कराच्या हातून काढून हौशी माणसाच्या हाती दिली. १९२८च्या सुमारास आपल्याकडेही मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि कराची येथे फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईच्या क्लबाचे मैदान जुहूला, समुद्राला अगदी लागून. तेथे शिकलेल्या चोवीस वर्षांच्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय.

जुहूचे हे मैदान म्हणजे साधी मातीची जमीन. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे. पण याच मैदानावर हौसेचे रूपांतर व्यवसायात झाले. त्या काळी लंडनचे हवाई टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत येई. तेथून मुंबईकडे मात्र ते आगगाडीने जाई. कराचीहून मुंबईमार्गे मद्रासपर्यंत हे टपाल लहान विमानांतून न्यावे, अशी योजना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाने टाटांपुढे मांडली, आणि तिला मूर्त रूप आले.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून टाटांनी ‘पुस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान उडवले. बरोबर २५ किलोच्या आसपास टपाल होते, रेडिओ नव्हता. अहमदाबादला पेट्रोल घेण्यासाठी ते उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. मुंबईकर जेवणखाण आटोपून वामकुक्षीच्या विचारात असतो, ती ही वेळ. तेथून पुढचे टपाल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. याच टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

या प्रवासाची एक बाजू सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यातच मोडत होता. १ एप्रिल १९३६ रोजी तो वेगळा प्रांत झाला. म्हणजे कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही त्या सकाळची तिन्ही गावे एकाच इलाख्यातली! वाटेत कच्छ-काठेवाडची संस्थाने होती खरी, पण पारपत्र, व्हिसा, सरहद्द यांचा प्रश्नच नव्हता.

पंधरा वर्षांत सारे पालटले. १९४७ साली फाळणी झाली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तेथील हिंदूंचा उरलासुरला धीर सुटला. बोटी भरभरून माणसे मुंबईच्या बंदरात उतरू लागली. त्यांच्यातील हजारोंना कल्याणजवळच्या, महायुद्धात बांधलेल्या लष्करी छावणीत आणण्यात आले. लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाटाचे आडपडदे, आणि एकेका पडद्याआड एकेक संसार. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी येथे नव्या नगराची कोनशिला बसवली. उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर पडले. मात्र छावण्यांचे आकडे लोकांच्या तोंडी तसेच राहिले. विठ्ठलवाडी स्टेशनाजवळच्या वस्तीला आजही ‘चार नंबर’ म्हणतात.

येथे आलेल्या माणसाला कराची किती लांब होती? नकाशावर १९३२ इतकीच. विमाने तर पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झाली होती. तरीही ज्या वाटेने टपाल एका सकाळी येत असे, त्या वाटेने आपल्या घराचे कुलूप पाहायला परत जाणे बहुतेकांना कधीच जमले नाही. अंतर कमी करणे यंत्राच्या हाती असते; वाट मोकळी ठेवणे माणसांच्या हाती असते, आणि हे दुसरे काम पहिल्याहून फार कठीण आहे.

ते अशक्य मात्र नाही. टाटांनी त्या उड्डाणाची आठवण म्हणून १९६२ साली पुन्हा कराचीहून मुंबईला विमान आणले. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ‘लेपर्ड मॉथ’ या तशाच लहान विमानातून ते एकटे कराचीहून निघाले आणि जुहूला उतरले. मधल्या काळात दोन युद्धे होऊन गेली होती, तरी एका म्हाताऱ्या वैमानिकाच्या हौसेला दोन्ही सरकारांनी परवानगी दिली. याउलट एप्रिल २०२५मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले.

मोठ्या विमानांची वाहतूक जुहूहून सांताक्रूझला जाऊन कित्येक दशके लोटली. जुहूच्या मैदानावर आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात. हौशी विमानांचा तो काळ गेला, याची फार खंत करण्याचे कारण नाही. परंतु विमानविद्येची प्रगती मोजताना वेग आणि उंची यांच्याबरोबर आणखी एक माप आपण हाताशी ठेवावे : सकाळी निघालेल्या माणसाला दुपारच्या जेवणाला कोठवर जाता येते? त्या मापाने पाहिले, तर १९३२चे ते चिमुकले विमान आपल्या पुष्कळ पुढे गेलेले दिसेल.