जुन्या मोठ्या मापाच्या मोटार-प्रतिकृती संचांचे गुणपरीक्षण

सुटे भाग जोडून तयार करावयाच्या मोटारींच्या प्रतिकृतींपैकी १:१२ किंवा १:८ प्रमाणातील संचांना मोठ्या मापाचे संच म्हटले जाते. चार मीटर लांबीच्या मोटारीची प्रतिकृती प्रचलित १:२४ प्रमाणात सुमारे १६७ मि.मी., तर १:८ प्रमाणात ५०० मि.मी. लांब होते. अशा जुन्या संचाची पारख करताना मूळ रचनेतील उणिवा, साच्यातील दोष आणि काळाने झालेली हानी या तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. कारण त्यांवरील उपाय भिन्न आहेत.

प्रमुख उदाहरणे

इटलीतील तुरिन येथील पोकेर या कंपनीने १:८ प्रमाणात १९०७ ची फियाट १३० एचपी, अल्फा रोमिओ ८सी २३०० मोंझा, रोल्स-रॉइस फँटम २ इत्यादी मोटारींचे संच काढले. रोल्स-रॉइसच्या संचात दोन हजारांहून अधिक भाग होते. प्लॅस्टिकबरोबर धातूचे भाग व स्क्रू यांचा त्यांत मोठा वापर असे. जपानच्या तामिया कंपनीने १९६७ मध्ये होंडा आरए२७३ ही शर्यतीची मोटार १:१२ प्रमाणात आणली. १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या संचासाठी या कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन तिचे भाग सुटे करून अभ्यासले होते.

प्रमाणबद्धता

मूळ मोटारीच्या मापास प्रमाणाने भागून आलेली संख्या प्रत्यक्ष भागाशी ताडून पाहणे, ही पहिली कसोटी होय. त्या काळच्या पोर्शे ९११ च्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सुमारे २२७० मि.मी. होते, १:१२ प्रमाणात ते सुमारे १८९ मि.मी. यावयास हवे. जाडीच्या बाबतीत मात्र तडजोड अटळ असते. दीड मि.मी. जाडीचे प्लॅस्टिक १:८ प्रमाणात १२ मि.मी. जाड पत्र्याइतके ठरते. म्हणून दरवाजे व बॉनेट यांच्या कडा जाड दिसणे हा एकट्या संचाचा दोष मानता येत नाही.

भागांची संख्या अधिक म्हणजे दर्जा उत्तम, असेही नव्हे. पोकेरच्या तारांच्या चाकांत प्रत्येक आरा स्वतंत्रपणे बसवावा लागतो. चाक अखेर गोल फिरेल की डगमगेल, हे संचाइतकेच जोडणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असते.

साच्यातील दोष

साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा आला असल्यास साचा झिजल्याची शक्यता असते. जाड भागांवरील खळगे प्लॅस्टिक थंड होताना आकसल्याने पडतात. हे दोष घासून व लांबी भरून दूर करता येतात. पीळ पडलेला सांगाडा मात्र गंभीर समजावा. तो सपाट काचेवर ठेवल्यास चारही टोके एकाच वेळी टेकत नाहीत.

काळाचा परिणाम

मऊ व्हिनाइलच्या टायरांतील मृदुकारक द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि टायरला चिकटून असलेले पॉलिस्टायरीन विरघळवते. परिणामी चाकांवर किंवा काचेच्या भागांवर खोल व्रण पडतात. पारदर्शक भागांवरील असे व्रण सहसा पूर्णपणे भरून निघत नाहीत. पाण्यात भिजवून लावावयाची चिन्हपत्रे पिवळी पडतात किंवा भिजताच तुकडे होतात. त्यामुळे अनावश्यक चिन्ह आधी भिजवून पाहणे इष्ट. क्रोमसदृश मुलामा निघाला असल्यास तो नव्याने द्यावा लागतो.

मोहोरबंद संच व पुनर्निर्मिती

न उघडलेल्या संचाला संग्राहक अधिक किंमत देतात. परंतु आतील टायर व प्लॅस्टिक यांचा संपर्क बंद खोक्यातही चालूच राहतो. म्हणजेच जे न उघडणे किमतीचे रक्षण करते, तेच वस्तूच्या नाशास कारण ठरू शकते. जोडणीसाठी घेणाऱ्याने खोके उघडून भागांची सूचीशी पडताळणी करणे आणि टायर वेगळ्या पिशवीत ठेवणे श्रेयस्कर ठरते. जोडणीपुस्तिकेचा अभाव शेकडो भागांच्या संचात एखादा भाग हरवण्याहून अधिक अडचणीचा ठरू शकतो.

तामियाचे काही जुने १:१२ संच पुढे नव्या चिन्हपत्रांसह व धातूच्या पातळ कोरीव भागांसह पुन्हा बाजारात आले. अशा आवृत्तीत काळाची हानी कमी आढळते, मात्र मूळ रचनेतील उणिवा कायम राहू शकतात.