दोन सेनापती आणि हरवलेली पोच

मंडळी, या वेळी विषय जरा वेगळा आहे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधायची खोड अजून गेलेली नाही. माझा पुतण्या एका विमा कंपनीत जावाच्या सर्व्हरवर काम करतो. महिनाभर तो एकाच विवंचनेत होता. मेसेज क्यू, म्हणजे निरोपांची रांग, कोणती निवडायची आणि ती किती यंत्रांवर ठेवायची? त्याला खोदून खोदून विचारलं, मग स्वतः थोडं वाचलं, त्यातून ही हकिकत जमली.

एका प्रोग्रामने दुसऱ्याला थेट निरोप द्यायचा तर दुसरा त्या क्षणी जागा हवा. मध्ये रांग असली की निरोप तिथे थांबतो, घेणारा सवडीने उचलतो आणि पोच देतो. पोच मिळाली की तो निरोप रांगेतून काढतात. आपल्या रजिस्टर पत्रासारखंच की!

सगळी मेख या पोचेत आहे. १९७५ साली संगणकशास्त्रात एक कोडं मांडलं गेलं, आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांनी त्याला दोन सेनापतींचं रूप दिलं. दोन टेकड्यांवर एकाच पक्षाच्या दोन फौजा, मधल्या दरीत शत्रू. हल्ला एकाच वेळी केला तरच जय. पहिला सेनापती स्वार धाडतो, 'पहाटे हल्ला'. दुसरा पोच धाडतो. पण ती पोचली का? मग पोचेची पोच, तिचीही पोच... याला अंत नाही. वाटेत स्वार हरवू शकत असेल तर दोघांची पक्की खात्री कधीच होत नाही, हे चक्क सिद्ध झालेलं आहे.

म्हणजे पोच आली नाही तर दोनच वाटा उरतात. पुन्हा पाठवा, मग निरोप कदाचित दोनदा जाईल. गप्प बसा, मग कदाचित जाणारच नाही. विम्याच्या दाव्याचे पैसे दोनदा गेले तर कंपनी बुडते आणि गेलेच नाहीत तर विधवा बाई खेटे घालते. पुतण्याची झोप का उडाली होती ते मला इथे कळलं.

आता थोडा इतिहास. १९८०च्या दशकात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी अमेरिकेत शेअर व्यवहारांच्या दालनांसाठी निरोप वाटणारी यंत्रणा उभी केली. (१९९७ची टिबको कंपनी त्यांचीच.) १९९३ मध्ये आयबीएमची एमक्यूसिरीज आली, बँकांना ती फार मानवली. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. म्हणून १९९८ मध्ये सन कंपनीने जेएमएस हा जावाचा सामाईक नियम काढला आणि २००१च्या जे२ईई १.३मध्ये तो सक्तीचा झाला. चांगली गोष्ट झाली. मात्र एक यंत्र बंद पडलं तर दुसऱ्याने काम कसं उचलायचं, यावर त्या नियमाने मौन पाळलं. ते ज्याचं त्याने बघायचं. माझ्या मते पुढचा सगळा गोंधळ इथून सुरू झाला.

त्यात 'क्लस्टर' हा शब्द फसवा. कधी त्याचा अर्थ काम वाटून घेणं, तर कधी प्रती ठेवणं. नुसतं काम वाटलेलं असेल तर निरोप एकाच यंत्रावर असतो. ते यंत्र बसलं की ते परत उठेपर्यंत निरोप अडकला. जाहिरातीत दोन्हींना क्लस्टरच म्हणतात! प्रती ठेवल्या तरी दोन यंत्रं पुरत नाहीत. मधली तार तुटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला, आणि दोघेही गादीवर बसतात. एकाच निरोपाचे दोन धनी. (आमच्या इतिहासात असे प्रसंग कमी नाहीत.) यावर उतारा बहुमताचा. तीन यंत्रं ठेवा, दोघांचं एकमत होईल तोच निर्णय. चार ठेवून काही जास्त मिळत नाही, कारण चाराचं बहुमत तीन, म्हणजे तोटा एकाचाच सोसतो. दोन यंत्रं गेलेली सोसायची तर पाच हवीत.

हे शहाणपण उशिरा आलं. २००७ साली निघालेल्या रॅबिटएमक्यूने आधी 'आरसा' रांगा दिल्या. तार तुटल्यावर त्यांत निरोप हरवू शकत. २०१९ मध्ये बहुमताच्या रांगा आल्या आणि २०२४च्या चौथ्या आवृत्तीत आरसे काढूनच टाकले. होर्नेटक्यूचा वारसा घेऊन २०१५ मध्ये निघालेली आर्टेमिस जेएमएसवाल्यांना सोयीची. तिच्यातही प्रती तारेवरून ठेवायच्या तर मतदानासाठी मालक-राखीव अशा निदान तीन जोड्या ठेवा असं सांगत. लिंक्डइनमधून २०११ मध्ये खुली झालेली काफ्का ही खरं तर रांग कमी आणि रोजकीर्द जास्त.

पुतण्याला जेएमएस सोडता येत नव्हतं, म्हणून त्याने आर्टेमिस घेतली. पाठवणाऱ्याला पोच देण्याआधी निरोप डिस्कवर लिहिला गेलाच पाहिजे, ही अट त्याने हट्टाने ठेवली. त्याने वेग घटतो, वरिष्ठ कुरकुरले. मी म्हटलं, कुरकुरू देत. तरी निरोप दोनदा येणारच, दोन सेनापती काही सुटत नाहीत. म्हणून घेणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक निरोपाचा क्रमांक आवक नोंदवहीत लिहायचा आणि पैसे सोडण्याआधी ती वही पाहायची. आमच्या शाळेचे हेडक्लार्क टपाल फोडताना पहिल्यांदा हेच करायचे.