आमच्या धंद्यांचें मूळ

आपल्या वसईच्या बागाइती ख्रिस्ती लोकांनीं लहानसहान धंदे कां आरंभिले, असें कोणी पुसल्यास 'नफ्यासाठीं' हेंच उत्तर बहुधा मिळतें. आम्हांस तें अपुरें वाटतें.

सुकेळ्यांचेंच पाहा. राजेळीचा लोंगर एकदां पिकला कीं तो कोणासाठीं थांबत नाहीं. केळीं सोलून उन्हांत वाळवावीं, सुक्या पानांत बांधावीं व सवडीनें विकावीं, या आगाशीकडील उद्योगास नाशाचें भयच पहिला गुरु लाभलें असावें. पुढें सन १८६७ त विरारहून मुंबईस आगगाडी धांवूं लागली, आणि भाजी, फुलें, विड्याचीं पानें घेऊन स्वतः बाजार गांठणें शक्य झालें.

परंतु भांडवलाचें काय? सावकाराचें व्याज फिटेना, वाडी गहाण पडे. अशा घरांत नव्या धंद्याचें नांव तरी कोण काढणार! सन १९०४ त सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९१८ सालीं मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनीं आपल्या लोकांसाठीं पतपेढी स्थापिली. व्याज हलकें झालें हें खरेंच. पण आम्हांस जामिनाची गोष्ट त्याहून मोठी वाटते. ज्याच्या शब्दावर पैसे मिळावयाचे, तो आपल्याच गांवचा, रविवारीं मिस्सेस शेजारच्या बांकावर बसणारा. त्यास तोंड दाखविणें भाग असे. त्या पतपेढीचीच पुढें बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली.