क्रम आणि पट : संगणकीय सादरीकरणातील अरेषीय रचनेचा इतिहास

सभेपुढे विषय मांडणाऱ्या वक्त्यास दोन गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या असतात. विवेचनाचा क्रम त्यास आधी ठरवावा लागतो. आणि श्रोत्याच्या प्रश्नानुसार तो क्रम मोडण्याची सिद्धताही ठेवावी लागते. फळा व खडू यांच्या साहाय्याने शिकविणाऱ्यास या दोन्ही सोयी सहज उपलब्ध होत्या. संगणकीय साधनांत मात्र त्यांची फारकत झाली. ती का झाली आणि ती दूर करण्याचे कोणते प्रयत्न झाले, हे पाहणे उद्बोधक आहे.

पॉवरपॉइंटच्या एकसुरीपणावरील प्रतिक्रिया म्हणून अरेषीय साधने जन्मास आली, असा एक समज आहे. कालक्रम पाहता तो टिकत नाही. व्हॅनेव्हार बुश यांनी १९४५ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकातील लेखात ‘मेमेक्स’ या यंत्राची कल्पना मांडली. तीत सूक्ष्मपटावरील कागदपत्रे वाचकाने स्वतःच्या विचारसाहचर्यानुसार एकमेकांस जोडावयाची होती. १९६५ मध्ये टेड नेल्सन यांनी ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा रूढ केली. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक करून दाखविले. त्यात बाजारातून आणावयाच्या वस्तूंची एक साधी यादी त्यांनी पडद्यावर घेतली, तिचे वर्ग पाडले, ते हवे तेव्हा उघडले व मिटविले, आणि एका दुव्यावरून दुसऱ्या स्थळी उडी घेतली. अरेषीय साधनाच्या साहाय्याने सभेपुढे केलेले हे सादरीकरण पॉवरपॉइंटच्या जवळजवळ दोन दशके आधीचे होय.

१९८७ या एकाच वर्षी दोन्ही प्रवृत्ती बाजारात आल्या. फोरथॉट या कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स, डेनिस ऑस्टिन प्रभृतींनी सिद्ध केलेले पॉवरपॉइंट एप्रिलमध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लक्ष डॉलरांस विकत घेतली. ऑगस्टमध्ये ॲपलने बिल ॲटकिन्सन यांचे हायपरकार्ड प्रसिद्ध केले. त्यात बटणांच्या योगे कोणत्याही पत्त्यावरून कोणत्याही पत्त्याकडे जाता येई. तथापि सभागृहात प्रभुत्व मिळविले ते पॉवरपॉइंटने. याचे कारण तांत्रिक श्रेष्ठत्वात नसून परंपरेत शोधावयास हवे. पॉवरपॉइंटची पहिली आवृत्ती मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका छापण्यासाठी होती. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीने ३५ मिलिमीटरच्या रंगीत स्लाइडांची सोय केली. एकामागून एक ठेवावयाच्या या वस्तूंचा क्रम पुढे पडद्याने वारसाहक्काने घेतला. शिवाय रेषीय स्लाइडांचा संच कागदावर छापून वाटता येतो. दुव्यांचे जाळे कागदावर उतरत नाही. ज्या कचेऱ्यांचा व्यवहार कागदावर चालत होता, त्यांना हा भेद निर्णायक ठरला असल्यास नवल नाही.

अरेषीय विचार दुसऱ्या मार्गाने पुढे गेला. १९९३ मध्ये केन पर्लिन व डेव्हिड फॉक्स यांनी ‘पॅड’ या रचनेत माहितीसाठी एक विस्तीर्ण पट कल्पिला. त्याच्या जवळ गेले की तपशील दिसे, दूर गेले की संपूर्ण आकृती. बेंजामिन बेडरसन व जेम्स हॉलन यांनी ‘पॅड प्लस प्लस’मध्ये ती कल्पना वाढविली. पुढे मेरिलँड विद्यापीठात लान्स गुड व बेडरसन यांनी ‘काउंटरपॉइंट’ या प्रणालीद्वारे पॉवरपॉइंटच्या स्लाइडाच अशा पटावर मांडल्या. २००९ मध्ये बुडापेस्ट येथून प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेझी’ने ही पद्धती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली.

या वादातील गांभीर्य २००३ साली प्रकट झाले. १ फेब्रुवारी रोजी कोलंबिया अंतराळयान नष्ट होऊन कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. चौकशी मंडळाच्या अहवालाने, तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडा सादर करण्याच्या प्रथेवर ठपका ठेवला. उड्डाणकाळात तयार झालेल्या एका स्लाइडचे एडवर्ड टफ्टी यांनी केलेले विश्लेषणही त्यात आले. यानावर आदळलेल्या फेसाच्या तुकड्याचे आकारमान १९२० घनइंच आणि चाचणीतील नमुन्याचे केवळ ३ घनइंच, ही सर्वांत महत्त्वाची बाब त्या स्लाइडच्या तळाशी, कनिष्ठ उपमुद्द्यात दडली होती. दोष केवळ क्रमाचा नव्हता, तर श्रेणीचा होता; आणि श्रेणी पटावरही असते. तेथे ती अक्षरांच्या आकाराने व अंतराने ठरते एवढेच. जेथे दृष्टी नेली जात नाही, तेथील बारीक अक्षर तितकेच अदृश्य राहते.

प्रेझीतही अखेर स्थळांस जोडणारा ‘मार्ग’ आखावा लागतो, आणि पॉवरपॉइंटच्या २०१९ च्या आवृत्तीत ‘झूम’ची सोय आली. दोन्ही प्रवाह असे एकमेकांजवळ आले. यावरून एवढे स्पष्ट होते की, क्रम हा साधनाचा गुणधर्म नसून विवेचनाची गरज आहे. अरेषीय साधन वक्त्यास मार्ग बदलण्याची मुभा देते. कोणती बाब अग्रभागी आणावयाची, या निर्णयाच्या उत्तरदायित्वातून मात्र ते त्यास मुक्त करीत नाही.