भावाशेजारचा आंकडा

उपाहारगृहाच्या फलकावर पदार्थाचें नांव असावें व नांवाशेजारीं त्याचा भाव असावा, याहून अधिक अपेक्षा गिऱ्हाइकानें कधीं केली नव्हती. तो पदार्थ पोटांत गेल्यावर शरीरास किती इंधन पुरवितो, हेंहि तेथेंच छापलें पाहिजे, असा दंडक अमेरिकेंत प्रथम न्यूयॉर्क शहरानें घातला.

हें इंधन मोजण्याची विद्या मात्र त्याहून पुष्कळ जुनी. मिडलटाउन येथें विल्बर ॲटवॉटर ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत एक बंदिस्त खोली उभारली. तींत माणसास कांहीं दिवस कोंडून त्याच्या अंगांतून बाहेर पडणारी उष्णता तो मोजीत असे. पिष्ट व प्रथिनें यांच्या एका ग्रॅमास ४ उष्मांक आणि स्निग्धाच्या एका ग्रॅमास ९, हें आज सर्वत्र रूढ असलेलें कोष्टक त्याच्याच परिश्रमांचें फळ होय. १९१८ सालीं डॉ. लुलू हंट पीटर्स या विदुषीनें पुस्तक लिहून तो हिशेब गृहिणींच्या हातीं दिला.

पुढें १९९० च्या कायद्यानें अमेरिकेंतील डबाबंद खाद्यांवर पोषणाची माहिती छापणें सक्तीचें झालें. उपाहारगृहांना मात्र त्यांतून सूट मिळाली. ही फट बुजविण्याचें न्यूयॉर्कच्या आरोग्यमंडळानें डिसेंबर २००६ मध्यें ठरविलें. त्या वेळीं मायकेल ब्लूमबर्ग हे महापौर व डॉ. थॉमस फ्रीडन हे आरोग्याधिकारी होते. पण नियमाची बांधणीच विचित्र झाली. जीं उपाहारगृहें आपल्या पदार्थांचे उष्मांक आधींच स्वखुषीनें जाहीर करीत होतीं, तेवढ्यांनाच ते फलकावर लिहिण्याची सक्ती! ज्यानें तोंड उघडलें तो अडकला, आणि मूग गिळून बसलेला सुटला. उपाहारगृहांच्या संघटनेनें दावा लावला आणि सप्टेंबर २००७ मध्यें न्यायमूर्ति रिचर्ड हॉलवेल यांनीं नियम रद्द ठरविला. स्वेच्छेनें दिलेल्या माहितीचें नियमन मध्यवर्ती कायद्याच्या कक्षेंत येतें, असें त्यांचें म्हणणें. मात्र सर्वांवर सारखी सक्ती करण्यास शहर मोकळें आहे, हें त्याच निकालांत स्पष्ट होतें. हरलेल्या पक्षाला वाट दाखविणारा असा निकाल विरळाच. मंडळानें जानेवारी २००८ मध्यें नवा नियम केला: ज्या पेढीच्या देशभर १५ वा अधिक शाखा असतील, तिनें भावाशेजारीं उष्मांक लिहावे. हा नियम टिकला. २००९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानेंहि तो उचलून धरला.

मग लोक कमी खाऊं लागले काय? सर्व खटाटोपाचें मर्म ह्या एका प्रश्नांत होतें. न्यूयॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं गरीब वस्त्यांतील गिऱ्हाइकांच्या पावत्या गोळा केल्या. त्यांत एका खरेदीचे उष्मांक फलकापूर्वीं सरासरी ८२५ आणि नंतर ८४६ आढळले. म्हणजे फरक असा कांहींच नाहीं. निम्म्याहून किंचित् अधिक लोकांनीं आंकडा पाहिला होता, व पाहणाऱ्यांपैकीं सुमारें २८ टक्के आपली निवड त्यामुळें बदलली असें सांगत होते. पावत्या तसें सांगत नव्हत्या. खिशांत थोडे पैसे घेऊन भुकेला मनुष्य उभा राहिला, कीं तो आधीं भावच वाचणार, हें समजण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. उलट स्टारबक्सच्या कॉफीगृहांतील व्यवहार तपासणाऱ्या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना दर खरेदीमागें उष्मांक २४७ वरून २३२ वर, म्हणजे ६ टक्के उतरलेले दिसले. ती घट बहुतेक खाद्यांत झाली. पेयें जशींच्या तशींच राहिलीं.

आंकड्यास मापदंड नसेल तर ६०० म्हणजे थोडे कीं फार, हें कळावें कसें? म्हणून २०१० च्या कायद्यानें ही सक्ती देशभर, २० वा अधिक शाखांच्या पेढ्यांवर, घालतांना दिवसाची सामान्य गरज २,००० उष्मांक धरली आहे, असें वाक्यहि छापावयास लावलें. प्रत्यक्ष अंमल मे २०१८ मध्यें आला. इंग्लंडनें एप्रिल २०२२ पासून २५० वा अधिक नोकर असलेल्या धंद्यांना तोच नियम लावला.

भारतांतहि २०२० च्या नियमांनीं १० वा अधिक ठिकाणीं शाखा असलेल्या उपाहारगृहांना उष्मांक दाखविणें बंधनकारक केलें. मुंबई-पुण्याच्या मोठ्या पेढ्यांच्या फलकांवर ते आंकडे त्यामुळेंच आले. गल्लींतील एकुलत्या एका खानावळीस शाखांची ही अट लागू होत नाहीं; तिच्या फळ्यावर खडूनें लिहिलेला असतो तो भाव, आणि आजची भाजी.