दस्ता कोणाच्या मापाचा?

बंदुकीचा इतिहास सांगणारे बहुधा नळीचा, दारूचा आणि लढायांचा इतिहास सांगतात. आज आम्ही तिच्या लाकडाबद्दल बोलणार आहोत. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. हत्यार पुढे आले की त्याची मूठ कोणाच्या हाताच्या मापाने केली आहे, हे आम्ही आधी पाहतो.

गिरगावकरांना ही दृष्टी परकी वाटू नये. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपल्या खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांची जी जुनी घरे उरली आहेत, त्यांचे लाकूडकाम पाहा. कठडा हाताच्या उंचीला आणि पायरी पावलाच्या बेताची. सुताराने आधी माणूस पाहिला, मग करवत चालवली. रायफलच्या दस्त्याचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

दस्त्याचे एक टोक खांद्यात रुतते आणि वरच्या धारेवर गाल टेकतो. गाल टेकला की डोळा कोठे येणार हे ठरून जाते. नळीवरची लोखंडी माशी आणि मागची खाच यांची रेषा नळीलगत, म्हणजे खाली असते. दुर्बीण बसवली की पाहण्याची रेषा साधारण इंच-दीड इंच वर जाते. माशीसाठी केलेल्या दस्त्यावर दुर्बिणीतून पाहायचे तर गाल उचलून हनुवटीवर तोल धरावा लागतो. मान अवघडते आणि डोळा हलतो. उलट, दुर्बिणीसाठी उंच केलेल्या दस्त्यावर माशी दिसावी म्हणून गाल लाकडात दाबावा लागतो. लांबीचेही तसेच. खाचेपासून डोळा थोडा मागेपुढे झाला तरी चालते. दुर्बिणीपासून मात्र तो सुमारे तीन इंचांवरच हवा. दस्ता आखूड पडला तर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळते.

मग दोन्हींना चालणारा दस्ता कसा निवडावा? त्याचे उत्तर शोधायला किती काळ लागला, आणि कोणासाठी आधी शोधले गेले, हा खरा इतिहास आहे.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि बहुधा सरळ असे. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला; गोऱ्यांना त्यातून सूट होती. सामान्य माणसाला बंदूकच नाही, तिथे मापाचा दस्ता कोठून? त्याच काळात लंडनचे नामांकित बंदूकवाले धनिकांचा हात, खांदा आणि मान मापून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरून देत होते. आपले संस्थानिकही त्यांचे गिऱ्हाईक होते. शिकारीला जाणाऱ्याचे माप घेतले जाई. शिपायाने मात्र मिळेल त्या बंदुकीत स्वतःला बसवायचे.

शिपायाच्या बाबतीत पहिली सुधारणा झाली ती लांबीची. ज्या ‘थ्री-नॉट-थ्री’ ली-एनफील्ड रायफली बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनल्या, त्यांचा दस्ता मागे वेगळा जोडलेला असे. तो चार लांब्यांत मिळे : लांब, नेहमीचा, आखूड आणि बँटम, म्हणजे ठेंगण्या कोंबडीच्या जातीचे नाव दिलेला सर्वांत आखूड. दोन मापांत अंतर अर्ध्या इंचाचे. सरकारने एवढे तरी मान्य केले की सर्व शिपायांचे हात सारखे नसतात. (२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, तेव्हाही आपल्या काही पोलिसांच्या हाती ही जुनी रायफल होती.)

परंतु गालाची उंची सर्वांना एकच राहिली. पहिल्या महायुद्धात याच रायफलवर दुर्बीण चढवली, ती नळीच्या वर न बसवता डाव्या बाजूला. वरून गोळ्या भरायची वाट मोकळी हवी होती. यंत्राची सोय झाली, माणसाने मात्र मान वाकडी करायची!

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, निवडक ‘नंबर चार’ रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड यांच्याकडे जाऊ लागल्या. राजेरजवाड्यांच्या मापाच्या बंदुका करणारी हीच ती पेढी. तिने दुर्बीण नळीच्या वर घेतली आणि दस्त्यावर लाकडाचा एक उंचवटा दोन स्क्रूंनी बसवला. धनिकाला जे सुख मिळत होते त्याचा एक तुकडा शिपायाच्या गालाला मिळाला. दुर्बीण काढून पेटीत ठेवता येई, उंचवटा मात्र जागेवरच राही.

ही उणीव रशियाच्या ड्रागुनोव्ह रायफलने भरून काढली. १९६३ मध्ये ती सोव्हिएत सैन्यात आली. पुढे आपल्या सैन्यानेही घेतली. तिच्या दस्त्यावरची गालपट्टी काढता-घालता येते. दुर्बिणीतून पाहायचे तेव्हा पट्टी चढवायची, माशीवर नेम धरायचा तेव्हा उतरवायची. दोन दृष्टींसाठी एकच लाकूड पुरवायचे तर तोडगा हाच : मूळ दस्ता खालच्या रेषेचा ठेवावा आणि उंची वरून जोडावी. जोडलेले काढता येते, पण लाकूड मुळातच उंच ठेवले तर मग ते तासण्यावाचून इलाज उरत नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी केलेले. त्या स्पर्धेत दुर्बिणीला मनाई आहे. तरी गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरताना मान तीन तऱ्हांची होते, म्हणून नेमबाज गालपट्टी आणि खांद्याचा टेकू दर वेळी सरकवून घेतात. निवडीची कसोटी सोपी आहे. डोळे मिटून, रिकामी रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकावा, मग डोळे उघडावेत. मान न हलवता नेमाची रेषा समोर दिसली तर दस्ता आपला. दुर्बीण चढवून आणि उतरवून, अशी दोनदा ही परीक्षा घ्यावी.

हे सारे आम्ही बंदुकीच्या प्रेमापोटी सांगत नाही. यंत्रापुढे पाठ वाकवून उभे राहणाऱ्यासाठी आम्ही कधी एक फळी मागितली, कधी उंच बैठक. उत्तर ठरलेले असे, ‘सवय होईल.’ सवय होते, ती दुखण्याची. दस्त्याचा इतिहास सांगतो की माणसाला वाकवून नेम कधी सुधारला नाही. तो सुधारला लाकूड सरकवल्यावर. ते आधी धनिकासाठी सरकले, मग शिपायासाठी. कामगारासाठी ते सरकवून घेणे अजून पुष्कळ ठिकाणी बाकी आहे.