पहिली ओळ लिहिण्याआधी : आपल्या कवितेची सुरुवात झाली कशी?

धसई, टोकावडे, सरळगाव, किन्हवली, डोळखांब या पट्ट्यातली मुलंमुली शिबिरात भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, कविता लिहायला सुरुवात कशी करायची?" आणि लगेच पुढची भीती : आमची भाषा शुद्ध नाही, वृत्त-छंद कळत नाहीत, कॉलेजातल्या कवितांसारखं काही सुचत नाही.

ही भीती आपोआप आलेली नाही. कविता म्हणजे आधी व्याकरण, मग वृत्त, मग 'प्रतिभा', हा क्रम ज्यांनी लावला त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पाटी-पेन्सिल होती. ज्यांना अक्षरच नाकारलं होतं त्यांनी हा क्रम पाळला असता, तर आज आपल्याकडे एकही गाणं नसतं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर काव्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आपल्या इतिहासात शोधावं, असं माझं मत आहे.

वामनदादा कर्डकांपासून सुरू करू. जन्म १५ ऑगस्ट १९२२, गाव देशवंडी, तालुका सिन्नर. पोटासाठी मुंबईला आले, पडेल ते काम केलं, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. एका माणसाने पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि दादांना ते वाचता येईना. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. समता सैनिक दलात असताना देहलवी मास्तरांकडून ते मुळाक्षरं शिकले. जोडाक्षरं पक्की झाली ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. म्हणजे हा माणूस तरुणपणी 'क, ख, ग' गिरवत होता. आणि पहिलं गाणं कधी लिहिलं? ३ मे १९४३ ला. तेव्हा वयाची एकविशीही पुरी झालेली नव्हती.

ते पहिलं गाणं म्हणजे एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. चाल दुसऱ्याची, शब्द आपले. कुणी नाक मुरडेल की यात कसली आली स्वतंत्र निर्मिती! पण चाल आयती मिळाली की मात्रा आपोआप बसतात. कुठे श्वास घ्यायचा, कुठे यमक यायचं, हे कानाला आधीच ठाऊक असतं. छंदशास्त्राचं पुस्तक जे शंभर पानांत शिकवतं, ते चाल गुणगुणताना शिकून होतं. वामनदादांनी पुढे हजारो गाणी रचली. त्या सगळ्यांमागे हीच शाळा होती.

ही शाळा दादांच्याही आधीची. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला. ढोलकी तीच, सवाल-जवाबाचा बाज तोच. पण गणात देवाची स्तुती होती तिथे माणसाच्या हक्काची भाषा आली, आणि गवळणीच्या जागी सामाजिक प्रश्न उभे राहिले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हेच केलं. लोक बसायचे ओळखीच्या सुरासाठी आणि उठायचे नवा विचार घेऊन.

मात्र इथेच एक धोकाही आहे. उसनी चाल हा उंबरठा आहे, तिथेच बिऱ्हाड थाटायचं नसतं. आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेवर वाजणारी कितीतरी गाणी ऐका : तीच पाच-सहा विशेषणं, तीच यमकं, गाव कुठलंही असो. ज्याने लिहिलं त्याच्या घरात काय चाललंय, त्याचा पत्ता त्यात लागत नाही. बाबासाहेबांचं नाव घेतलं म्हणजे कविता झाली, हा समज आपण आपल्याच हाताने मोडला पाहिजे.

भाषेचंही तेच. 'गोलपिठा' १९७२ साली आला. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवणारा, कामाठीपुऱ्यात वाढलेला. त्या संग्रहातले कित्येक शब्द प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अडले, त्यांना अर्थ विचारावे लागले. मराठी साहित्याच्या इतिहासात हा फार मोठा क्षण आहे. तोवर आपण त्यांच्या शब्दांचे अर्थ विचारत होतो, इथे त्यांना आपल्या शब्दांचे विचारावे लागले. ढसाळांनी आधी शुद्धलेखनाचा क्लास लावला असता तर हे घडलं असतं का?

धसईच्या पूर्वेला सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्या पलीकडे अकोले तालुका, तिथल्या धामणगावचे दया पवार. त्यांच्या पहिल्या कवितासंग्रहाचं नाव 'कोंडवाडा', साल १९७४. कोंडवाडा कुठल्या गावात नव्हता? शब्द सगळ्यांसमोर पडलेला होता. गुरं कोंडायची ती जागा माणसांच्या जगण्याचं नाव होऊ शकते, हे त्यांनी पाहिलं.

मग मुरबाड-शहापूरकडे असे शब्द कमी आहेत का? राब, आवणी, वीटभट्टीचा मुकादम. तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही एकच गोष्ट एका संग्रहाला पुरेल. २०१६ च्या नोटबंदीत धसई 'कॅशलेस गाव' म्हणून पेपरात झळकलं. दुकानांत स्वाइप मशिनं आली, फोटो निघाले. मजुरी रोखीने घेणाऱ्या बाईला त्या दिवसांत काय वाटलं, हे कुणी लिहिलं? ते धसईच्याच मुलीला लिहिता येईल, मुंबईच्या वार्ताहराला नाही.

इथल्या ठाकर, कातकरी भावंडांनी वाहरू सोनवणेंचा 'गोधड' जरूर मिळवावा. १९८७ चा हा संग्रह भिलोरीतही आहे आणि मराठीतही. घरच्या बोलीत लिहिलं तर छापणार कोण, या शंकेला ते पुस्तक उत्तर आहे.

बायकांच्या बाबतीत तर हा इतिहास आणखी मागे जातो. सावित्रीबाईंचं लग्न १८४० साली झालं, अक्षरओळख त्यानंतरची. 'काव्यफुले' प्रसिद्ध झालं १८५४ ला. शाळा चालवायची, शेणगोळे झेलायचे, आणि त्यातच कविता. पुढच्याच वर्षी मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. निवांत वेळ मिळाला की लिहू, असं या दोघींपैकी कुणी म्हणाल्याचं दिसत नाही.

आता वहीबद्दल, कारण माझ्या मते खरी लढाई तिथे आहे. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या माणसाने लिहून घेतले, असं परंपरा सांगते. शब्द आपला, लेखणी दुसऱ्याची. मधल्या हाताने काय ठेवलं, काय गाळलं, हे आज विचारायची सोय नाही. जलसाकारांची असंख्य गाणी तर कुणीच लिहून घेतली नाहीत, गाणाऱ्यांबरोबर गेली. खुद्द वामनदादांचा 'वाटचाल' हा संग्रह १९७३ चा, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. तोवर त्यांची गाणी महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी होती, आणि अनेकदा गाणाऱ्याला कवीचं नावही माहीत नसायचं. दादा शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायचे, ते उगाच नाही.

म्हणून सुरुवात करणाऱ्याने तीन कामं तेवढी करावीत. आवडती चाल घेऊन पहिली आठ-दहा गाणी लिहावीत आणि मग तीच गोष्ट चाल सोडून, आईशी बोलतो त्या भाषेत पुन्हा लिहावी. लिहिलेलं विहारात मोठ्याने वाचावं. म्हातारी माणसं कुठे मान डोलावतात आणि कुठे चुळबुळतात, त्यावरून कुठली ओळ काढायची ते कळतं. आणि प्रत्येक पानाखाली नाव, गाव, तारीख घालावी. मोबाईलवर टाइप केलं तरी वहीत उतरवावं, फोन बदलला की सगळं जातं.

त्याच वहीच्या मागच्या पानांवर आजीची गाणी उतरवायला घ्या. जात्यावरची, आवणीची, ६ डिसेंबरला दादरला जाताना गाडीत म्हटलेली. कुणाकडून ऐकलं तेही विचारा. तिला रचणारीचं नाव आठवलं तर ते आधी लिहा, गाणं मग.